ताईचा लांबलचक निरोप

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागला. खरं तर बरं वाटायला हवं, पण आठवड्याभरात माझं डोकं फिरलं. आला की चप्पल काढायच्या आत विचारणार, "ताईच्या डोळ्यात थेंब घातले?" मग गळका नळ बघ, जिन्यातला दिवा बदल, ताईच्या उशीचा अभ्रा काढ. तो अभ्रा मी सकाळीच बदललेला असायचा. रोज पिशवी भरून फळं. घरात आम्ही दोघी बहिणी, त्यात ताई फळांना शिवत नाही, म्हणजे ती सगळी माझ्याच नशिबी. बरं, एवढं करून हा माणूस ताईच्या समोर काही बसायचा नाही. दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून टेकायचा आणि तिचे हात हलायला लागले की खाली फरशीकडे बघायचा.

आमच्या घरात ताई बोलत असताना खाली बघणं म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवणं. कारण आमची ताई जन्मापासून बहिरी, आणि तिचं सगळं बोलणं हातांचं. बहिरी म्हटलं की लोक लगेच पुढे मुकी लावून मोकळे होतात. त्यांनी एकदा तिला शेजारणीची खबर सांगताना बघावं. दूध नासलं एवढं सांगायचं असलं तरी ती दूधवाल्याने केस कसे कापलेत तिथून सुरू करते. भांडी घासता घासता काही आठवलं की साबणाचे हात घेऊन वळते आणि ऐकणारा, म्हणजे बघणारा, भिजून निघतो. खाली माझं शिलाईचं दुकान आहे, तिथे काज-बटणाचं काम ताईचं. गिऱ्हाईक आलं की ती सुई तोंडात धरते आणि दोन्ही हात मोकळे करते. तिला थोडक्यात सांग असं म्हणण्यात आमचं सगळ्यांचं आयुष्य गेलं, आणि तिने कधी ते मनावर घेतलं नाही.

भावाला आम्ही बारक्या म्हणतो. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी बारक्याच. आई कामाला जायची, त्यामुळे तो ताईच्या कडेवर वाढला. तोंडाने बोलायच्या आधी त्याला हातांनी बोलता यायला लागलं. भूक लागली तर तोंडाने रडायचा नाही, ताईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवायचा आणि बोटांनी मागायचा. आता तोच माणूस तिच्याकडे बघेना. काहीतरी करून ठेवलंय याने, हे मी ओळखलं. पैसे खाल्लेत की बायकोशी बिनसलंय, एवढंच कळत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी त्याला मापं लिहायच्या निमित्ताने दुकानात बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि कात्री हातात घेऊन समोर बसले.

"बोल."

"काय बोलू?"

"ते मला काय माहीत? तू केलंयस ना, मग तूच बोल."

बराच वेळ तो टेपशी खेळत बसला. मग म्हणाला, "माई, ताईचा डोळा माझ्यामुळे गेला."

मी म्हटलं, "तू कधीपासून डॉक्टर झालास?" मला खरंच वाटलं, हा उगाच सगळं अंगाला लावून घेतोय. तसा तो पहिल्यापासून आहे. शेजारच्याचं कुत्रं लंगडलं तरी याला रात्रभर झोप नाही.

पण मग त्याने सांगितलं, आणि मला ते सगळं कळलं.

डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो कॉम्प्युटरचे सर्व्हर सांभाळतो. पेशंट घरबसल्या वेबसाइटवरून अपॉइंटमेंट घेतात, रिपोर्टचे फोटो पाठवतात, डॉक्टरांना विचारतात. हे सगळं थेट आतल्या मशीनपर्यंत पोचत नाही. पुढे एक मधला सर्व्हर असतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून आलेलं प्रत्येक गाठोडं आधी त्याच्या हातात पडतं, मग तो ते आत ज्याचं त्याला नेऊन देतो. केवढं गाठोडं चालेल हेही त्याला आधीच लिहून द्यावं लागतं. त्याहून मोठं आलं तर तो उघडून बघत नाही, दारातूनच परत.

"म्हणजे वॉचमन," मी म्हटलं.

"वॉचमन निदान माणसाचं तोंड बघतो. हा फक्त वजन बघतो."

आता त्या हॉस्पिटलात बहिऱ्या माणसांसाठी एक सोय आहे, आणि ती आणली कुणी, तर याच शहाण्याने. तिथल्या काउंटरवर एका बहिऱ्या म्हाताऱ्यावर बाई ओरडत होती, आवाज वाढवला की त्याला ऐकू येईल म्हणून. ते बघून हा साहेबांच्या मागे लागला. साहेब आधी ढिम्म. मग त्यांच्या ध्यानात आलं की वार्षिक अहवालात हे छान दिसेल, आणि लगेच हो म्हणाले. फोनवर एक बटण दाबायचं, कॅमेऱ्यासमोर हातांनी काय ते सांगायचं, पाठवायचं. हॉस्पिटलात एक दुभाषी बाई बसतात, त्या तो व्हिडिओ बघून डॉक्टरांना सांगतात. सोय सुरू झाली त्या संध्याकाळी बारक्या पळत घरी आला होता. ताईला म्हणाला, "आता डॉक्टरकडे जायला तुला मी नको, माई नको. तुझं तू सांगायचं." ताईने त्याचा गाल एवढ्या जोरात ओढला की लाल झाला. मग ती फोन घेऊन अख्ख्या गल्लीत दाखवत फिरली.

पुढे काय झालं, तर प्रसिद्धी खात्यातल्या एका दीडशहाण्याने हॉस्पिटलच्या कसल्याशा समारंभाचे भलेमोठे व्हिडिओ वेबसाइटवर चढवायचा सपाटा लावला. डिस्क भरली, साइट झोपली, अर्धा दिवस अपॉइंटमेंटा बंद. साहेबांनी भर मीटिंगमध्ये बारक्याची बिनपाण्याने केली. हा तसाच जागेवर गेला आणि प्रॉक्सीत मर्यादा लिहून टाकली. दोन एमबी. त्याहून मोठं काहीही आत नाही.

"ती त्या प्रसिद्धीवाल्याच्या पानापुरती लिहायची होती, माई. मी फाइलीत सगळ्यात वर लिहिली. वर लिहिली की ती सगळ्या पानांना लागू होते. मला हे माहीत आहे. हाताखालच्या पोरांना मीच शिकवतो हे. पण कान तापले होते."

"आणि नंतर बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. चालतंय का ते तपासलं. निरोप लिहून पाठवला, गेला. चष्म्याच्या नंबराचा फोटो पाठवला, गेला. म्हटलं झालं." टेप बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "हातांनी बोलून नाही बघितलं. मला तोंड आहे, मला लिहिता येतं, मी माझ्यासारखंच तपासलं. लिहिलेला निरोप म्हणजे चिमूटभर. हातांनी मिनिटभर बोललं तरी त्याचा व्हिडिओ दोन एमबीच्या कितीतरी पुढे जातो. ज्यांच्यासाठी एवढा भांडलो, नेमकं त्यांनाच दार लावलं मी."

एवढ्यावर थांबतं तर निदान ताईला काहीतरी चुकतंय हे तरी कळलं असतं. पण त्याआधीच साहेबांनी फर्मान काढलं होतं, की गडबड झाली की पडद्यावर जे इंग्रजी आकडे उमटतात ते पेशंटला घाबरवतात, काहीतरी गोड लिहा. या गुणी बाळाने गोड लिहिलं. कुठलीही गडबड असो, पडद्यावर एकच पान: आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

"आणि तक्रार एकही आली नाही," बारक्या म्हणाला. "मी खूश होतो. साहेबांना सांगितलं, बघा, मर्यादा लावून इतके दिवस झाले, एक तक्रार नाही. अगं, येणार कशी? ज्यांना तक्रार करायची होती तीही हातांनीच करणार ना. ती पण दारातूनच परत जात होती."

माझ्या हातातली कात्री मी बाजूला ठेवली, कारण माझा मला भरवसा राहिला नव्हता.

ताईच्या डोळ्यात आधी कोपऱ्यात काहीतरी चमकायला लागलं, मग बाजूने काळा पडदा सरकायला लागला. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, दुकानात गणवेशांचे ढीग, आणि मी सकाळपासून प्रत्येकावर खेकसत होते. मला सांगितलं तर मी घर डोक्यावर घेणार, हे तिला पक्कं ठाऊक. वाचता आलं तरी लिहिणं तिला जमत नाही, पण तिच्याकडे तिची स्वतःची सोय होती की. तिने बटण दाबलं, सांगितलं, पाठवलं. पडद्यावर आलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ताई कुणाचा शब्द मोडत नाही. तिने थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. असे दिवस गेले. शेवटी एक निरोप पोचला, आणि तो बघून दुभाषी बाईंनी तिला त्याच दुपारी बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, चार दिवस आधी आणलं असतं तर नजर वाचली असती. त्या डोळ्याने तिला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही.

मला हॉस्पिटलातला त्या दुपारचा प्रसंग आठवला. दुभाषी बाईंनी ताईला विचारलं होतं, इतक्या उशिरा का कळवलं, आणि ताई म्हणाली होती, कितीदा तरी कळवलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे तर एकच आला. मी म्हटलं, नेटचं काहीतरी असेल. बारक्या तिथेच पाणी पीत उभा होता. तो ग्लास ठेवून बाहेर गेला, आणि मला वाटलं, ताईच्या काळजीने गेला.

यानंतर मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. शटर अर्धं ओढलेलं होतं तरी समोरच्या पंक्चरवाल्याने दोनदा वाकून बघितलं. माझा दम संपल्यावर बारक्याने सांगितलं, की त्याच दिवशी त्याने मर्यादा काढली, योग्य जागी लिहिली, ते गोड पान फेकून देऊन तिथे सरळ शब्दांत लिहिलं की तुमचा निरोप आत गेलेला नाही. साहेबांपुढे जाऊन चूक कबूल केली. ज्यांचे निरोप परत गेले होते त्या एकेकाचं घर दुभाषी बाईंना घेऊन शोधून काढलं. कुणाचे डोळे आले होते, कुणाला चष्म्याचं विचारायचं होतं. सगळ्यांची माफी मागून आला होता.

"आणि ताईची?"

त्याने मापांची वही पुढे ओढली.

"बाहेरच्यांच्या घरी जाऊन आलास, आणि घरच्या बाईला फळं?"

"ती मला माफ करेल, माई. मी सांगून संपायच्या आत करेल. गाल ओढेल आणि माफ करेल. मग मी काय करू?"

"म्हणजे तुझा जीव हलका होऊ नये म्हणून तिने अंधारात राहायचं? वा रे वा. तुला अपराध पण तुझ्या सोयीने भोगायचाय."

हे जरा जास्तच झालं, पण मी परत घेतलं नाही. कारण मला एक दुसरीच चिंता होती आणि ती मी त्याला सांगितली. ऑपरेशननंतर ताईचं बोलणं आटलं होतं. हात हलायचे, नाही असं नाही. पण चहा. झालं. जाऊ दे. नको. एवढंच. दूध नासलं तर नासलं, पुढे काही नाही. गिऱ्हाईक आलं तरी सुई हातातच. मला वाटत होतं, डोळ्याचं दुःख आहे, सावकाश जाईल. पण घर इतकं शांत झालं होतं की मला भांडी पडल्यावर बरं वाटायचं. मी म्हटलं, "खरं काय झालं ते निदान कळू दे तिला. कदाचित निरोप का पोचले नाहीत तेच मनात घेऊन बसली असेल." बारक्याने मान डोलावली.

संध्याकाळी तो वर आला. त्या दिवशी फळं नव्हती. स्टूल उचलून त्याने टेबलाजवळ आणलं आणि ताईच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला बसला. ताई भाजी निवडत होती. त्याने तिच्या मनगटाला हात लावला, तिने वर बघितलं, आणि तो सांगायला लागला. मी ओट्याला टेकून उभी होते. त्याच्या खुणा अडखळत होत्या, पण त्याने काही वगळलं नाही. साहेबांचं ओरडणं सांगितलं, मात्र त्यामागे लपला नाही. दार, वजन, दोन एमबी, गोड पान, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझे निरोप मीच परत पाठवले."

ताईने गाल ओढला नाही. भाजीची जुडी बाजूला सारली आणि विचारलं, "माझा निरोप मोठा होता?"

"हो. म्हणजे तुझी काही चूक नाही. हातांचं बोलणं मोठंच असतं."

"मग शेवटचा कसा गेला?"

"तो छोटा होता. तेवढाच मावला."

मग ताईचे हात सावकाश उठले. "मला वाटलं, ते बघतायत आणि कंटाळतायत. मला वाटलं, मी फार बोलते. सगळे म्हणतात ते खरंच आहे. म्हणून मी दर वेळी कमी केलं. हे काढलं, ते काढलं. शेवटी फक्त डोळा आणि अंधार, एवढंच केलं. लगेच बोलावलं. तेव्हा मला कळलं, थोडक्यात सांगितलं की लोक ऐकतात."

इतके दिवस मी तिला दुःखी समजत होते, आणि ती शहाणी झाली होती. आम्ही आयुष्यभर सांगून जे तिने ऐकलं नाही, ते त्या दारावरच्या मशीनने तिला शिकवलं होतं. बारक्यालाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्याचा चेहरा रडण्याच्याही पलीकडे गेला. त्याने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली.

ताईने त्याच्या जोडलेल्या हातांवर चापट मारली. हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. "हात जोडू नको. जोडलेल्या हातांनी बोलता येत नाही."

"काय बोलू?" त्याने विचारलं.

"बोलू नको. बघ. माझा पहिला निरोप कुणी बघितलाच नाही. तू बघ. पूर्ण."

फोनमध्ये तो राहिला नव्हता, तिने जागा करायला पुसून टाकला होता. पण तिला शब्द न् शब्द आठवत होता. तिने कपडे नीट केले, केस कानामागे सारले आणि कॅमेऱ्यासमोर बसावं तशी ताठ बसली.

"नमस्कार," तिने सुरुवात केली. "मी शिलाईच्या दुकानावर राहते. काजं करते. माझी बहीण फार चिडते, तिला फोन करू नका, मलाच करा. डोळ्याचं सांगणार आहे, पण आधी मी कोण ते सांगते, म्हणजे तुम्हाला ओळख पटेल. तुमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळतो ना, तो माझा धाकटा भाऊ. मी त्याला कडेवर वाढवलंय. हे बटण त्याने माझ्यासाठी केलंय. त्याने सांगितलंय, इथे बोललं की तुमच्यापर्यंत पोचतंच. त्याने सांगितलंय म्हणजे पोचणारच, म्हणून मी घाबरलेली नाही. त्याला मात्र माझ्या डोळ्याचं सांगू नका, तो काळजी करत बसतो."

बारक्या बघत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तो पुसत नव्हता, कारण पुसायला गेलं की क्षणभर का होईना नजर हलते. ताई थांबली.

"दुसऱ्यांदा पाठवताना मी सगळ्यात आधी हे काढलं," ती म्हणाली. "भावाचं. मला वाटलं, लोकांना याचं काय."